छोट्या हॉस्पिटलचं ऑफिस हाती घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल, सकाळ-संध्याकाळ ओपीडी, काउंटरवर दोन मुली, पाच-सहा सिस्टर, दोन मावशी, एक मामा. एवढा पसारा "आता ऑफिस तुम्ही बघा" असं म्हणून एखाद्याच्या हाती देतात. कधी ती डॉक्टरांची वहिनी असते, कधी जुने कंपाउंडर, कधी नुकतंच हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून आलेली मुलगी. यातले बहुतेक जण पहिल्या आठवड्यात त्याच तीन गोष्टी करतात: नवं सॉफ्टवेअर घेतात, भिंतीवर सूचना चिकटवतात आणि स्टाफला झापतात. तीन महिन्यांनी गर्दी तेवढीच असते, गल्ल्याचा मेळ लागत नाही आणि हाताशी आलेली रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेलेली असते.

कामं चुकीची नसतात, क्रम चुकतो. आधी रुग्ण दारातून आत येऊन बाहेर पडेपर्यंत काय होतं ते समजून घ्यायचं. मग कागद, मग माणसं, मग वेळा, मग पैसे, सॉफ्टवेअर त्यानंतर. पुढचे टप्पे तालुक्याच्या गावातलं किंवा शहराच्या उपनगरातलं नर्सिंग होम डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. तुमच्याकडे नुसती ओपीडी असेल तर सातवा टप्पा सोडून द्या, बाकीचं तसंच लागू पडतं.

## १. पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त पाहा

केबिनमध्ये बसू नका, वेटिंगच्या बाकावर बसा. रोज काही रुग्ण निवडा आणि प्रत्येकाच्या चार वेळा वहीत टिपा: आले कधी, केसपेपर निघाला कधी, डॉक्टरांकडे गेले कधी, पैसे देऊन बाहेर पडले कधी. या आठवड्यात सोमवार आणि गावचा बाजाराचा दिवस दोन्ही आले पाहिजेत. त्या दोन दिवसांची गर्दी पाहिली नसेल तर तुम्ही तुमचं हॉस्पिटल पाहिलेलंच नाही.

फोनकडेही कान ठेवा. तेच चार-पाच प्रश्न दिवसभर येतात: डॉक्टर आहेत का, किती वाजता येऊ, फी किती, रिपोर्ट आला का, बाळाची लस आज मिळेल का. हे प्रश्न काउंटरवरच्या दोघींना, सिस्टरला आणि मामांना वेगवेगळे विचारा. चार जणांकडून चार उत्तरं आली, तर बाहेरच्या भांडणाचं मूळ तिथंच आहे.

आठवडा संपला की डॉक्टरांसोबत अर्धा तास बसा आणि तीन गोष्टी लिहून घ्या. नंबर सोडून आत कुणाला पाठवायचं? बिलात सूट द्यायचा अधिकार कुणाला आणि किती? डॉक्टरांना उशीर झाला तर रुग्णांना काय सांगायचं आणि कोण सांगणार? तोंडी ठरवून भागत नाही, कागदावर त्यांची सही घ्या. डॉक्टर आणि स्टाफ यांच्या मधे उभं राहणं हा या नोकरीचा सगळ्यात अवघड भाग आहे. ओळखीच्या माणसाला मधेच आत घेतल्यावर बाहेरचे चिडतात आणि बोलणी रिसेप्शनिस्ट खाते. तो कागद तिच्या आणि तुमच्या पाठीशी उभा राहतो.

तपासा: "आमच्याकडे माणूस सरासरी किती वेळ थांबतो?" याचं उत्तर आठवड्याच्या शेवटी वहीत पाहून देता येतंय का? अंदाजानं देत असाल तर आणखी चार दिवस बाकावर बसा.

## २. परवाने: एक फाईल, एक तक्ता

सगळे परवाने एका फाईलमध्ये आणा. मग तक्ता करा: परवान्याचं नाव, क्रमांक, संपण्याची तारीख, नूतनीकरणाचा अर्ज कधी करायचा, जबाबदारी कुणाची. अर्जाची तारीख मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधीची लिहा. कागदात एखादी त्रुटी निघाली की एवढा वेळ लागतोच.

तक्त्यात निदान एवढं हवं. खाटा असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालची नोंदणी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र आणि कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राशी केलेला करार. अग्निशमन दलाचा दाखला. प्रत्येक डॉक्टरची परिषदेची नोंदणी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट, म्हणजे वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळवायचे गुण, पूर्ण असावे लागतात. डॉक्टरांच्या हे लक्षात राहत नाही, म्हणून ते तुमच्या तक्त्यात असू द्या. औषधांचं दुकान, लिफ्ट, एक्स-रे असेल तर त्यांचे परवाने वेगळे.

आगीबाबत एक तारीख पाठ करून ठेवा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार, आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', वर्षातून दोनदा द्यावं लागतं: जानेवारीत आणि जुलैत. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतरही अनेक ठिकाणी सिलिंडर भिंतीवर टांगलेला असतो आणि रात्रपाळीच्या सिस्टरला त्याची पिन कशी काढायची ते दाखवलेलं नसतं. एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी सगळ्यांना, विशेषतः रात्रपाळीला, सिलिंडर हातात घ्यायला लावा.

दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. काउंटरच्या मागे, कॅलेंडरखाली लावलेलं दरपत्रक न लावल्यासारखंच. दर बदलले की बोर्डही त्याच दिवशी बदला.

सावधान: सोनोग्राफी असेल तर ते काम "सावकाश भरू" या यादीत टाकू नका. नमुना 'एफ', म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, तपासणीच्या वेळीच पूर्ण भरायचा, सह्या तेव्हाच घ्यायच्या आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवायचा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या (पीसीपीएनडीटी) कायद्यात नोंदीतली त्रुटी हाच भंग मानला जातो आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. रिकामा रकाना, राहिलेली सही, चुकलेला पत्ता, यातलं काहीही "किरकोळ" नाही.

## ३. प्रत्येक कामाला एक नाव

"आम्ही सगळे मिळून बघतो" असं उत्तर ज्या कामाबद्दल येतं, ते काम कुणीच बघत नसतं. लसींच्या फ्रिजचं तापमान हे नेहमीचं उदाहरण. ते २ ते ८ अंशांच्या मधे हवं, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायला हवं, लसी फ्रिजच्या दारात ठेवायच्या नाहीत, आणि रात्री वीज गेली तर काय करायचं हे ठरलेलं हवं. हे कुणा एका सिस्टरच्या नावावर आणि तिच्या सुटीच्या दिवशी दुसऱ्या सिस्टरच्या नावावर लिहिलेलं असेल तरच होतं.

अशी वीस-पंचवीस कामं निघतात: ऑक्सिजन सिलिंडरची पातळी, इमर्जन्सी ट्रेमधल्या औषधांची मुदत, इन्व्हर्टरचं पाणी, लॅबमधून रिपोर्ट आणणं, गल्ला मोजणं. प्रत्येकापुढे एक नाव आणि एक बदली नाव. यादी स्टाफरूममध्ये लावा, वेटिंगमध्ये नको.

ड्युटीचा तक्ता महिना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लावा. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ या सुट्या वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून घ्या. ज्यांनी गेल्या दिवाळीत काम केलं, त्यांना या वर्षी पहिली पसंती. पगार थोडा उशिरा झाला तरी माणसं सांभाळून घेतात, पण सुटीतला अन्याय वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

मावशी-मामांना "तेवढं काय कळतंय" म्हणून बैठकीतून वगळू नका. कोणती खोली नीट सुकत नाही, कुणाचा नातेवाईक रात्री गडबड करतो, कोणत्या सलाईनचा स्टँड डगमगतो हे त्यांनाच आधी कळतं.

## ४. नंबर आणि वेळा

सगळ्यात जास्त चूक इथंच होते, म्हणून इथं हिशोब मांडतो.

समजा ओपीडी १० ते १. म्हणजे १८० मिनिटं. पहिल्या आठवड्याच्या वहीवरून दिसलं की नव्या रुग्णाला १५ मिनिटं लागतात, फॉलोअपला ७ आणि नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्याला ४. आता १८० मधली ३६ मिनिटं, म्हणजे पाचवा हिस्सा, आधीच बाजूला काढा. तापानं फणफणलेलं पोर, छातीत दुखणारे आजोबा, वॉर्डातून आलेला फोन यांच्यासाठी ती लागणारच आहेत. उरली १४४. त्यात ४ नवे, ९ फॉलोअप आणि ५ रिपोर्टवाले बसतात. एकूण १८.

आपल्याकडे नंबर मात्र ३० दिलेले असतात. त्याच प्रमाणात ३० जणांना जवळजवळ चार तास लागतात, वर ती ३६ मिनिटं. शेवटचा माणूस अडीचच्या सुमारास आत जातो आणि तो सकाळी साडेनऊपासून बसलेला असतो, कारण त्याला कुणीतरी "दहाला या" म्हणालेलं असतं.

मग करायचं काय?

पहिलं: सगळ्यांना ओपीडी उघडण्याची वेळ सांगणं बंद करा. नंबर देताना अर्ध्या तासाचा टप्पा सांगा: "तुम्ही साडेअकरा ते बाराच्या मधे या."

दुसरं: रिपोर्ट दाखवणाऱ्यांसाठी प्रत्येक तासाची शेवटची काही मिनिटं राखा आणि तसा बोर्ड लावा. "मला फक्त दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य रांग मोडतं. त्या माणसाला स्वतःची वेळ मिळाली की तो दारात उभा राहत नाही.

तिसरं: बाहेरगावच्या रुग्णांना परतीची एसटी कधी आहे ते विचारा. सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेल्या, दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसणाऱ्या आजींना सुरुवातीचा टप्पा द्या. गावातल्या माणसाला दुपारी बोलावलं तरी चालतं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना नसतो. केसपेपरच्या कोपऱ्यात हातानं लिहा. लांबून आलेली माणसं तपासून, औषधं घेऊन वेळेत गाडीला लागतात हे दिसायला लागलं की या कामातलं खरं समाधान काय ते कळतं. पुढच्या वेळी त्या आजी शेजारणीलाही सोबत घेऊन येतात.

चौथं: डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले असतील तर अर्धा तास उलटायच्या आत बाहेर येऊन सांगा. "येतीलच" म्हणू नका. "ऑपरेशन चालू आहे, साडेबारा होतील. थांबायचं की संध्याकाळी पाचला पहिला नंबर घ्यायचा, तुम्ही ठरवा." एवढं ऐकल्यावर बरेच जण संध्याकाळ निवडतात आणि चिडत नाहीत.

सावधान: इमर्जन्सी कोणती हे रिसेप्शनिस्टनं ठरवायचं नाही, पण ओळखायचं मात्र तिलाच आहे. छातीत दुखणं, दम लागणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळे पडणं, झटके, जास्त रक्तस्राव, सर्पदंश, मलूल पडलेलं तान्हं बाळ, गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. यातलं काहीही ऐकू आलं की केसपेपर नंतर, आधी सिस्टरला हाक. ही यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

## ५. केसपेपर आणि नोंदी

एकाच तालुक्यात सुनीता पाटील किती असतात! त्यात मोबाईल नंबर घरात एकच, तोही मुलाचा. लग्नानंतर नाव बदललेलं, जुनी फाईल माहेरच्या नावानं. म्हणून नाव आणि मोबाईल एवढ्यावर फाईल काढू नका. पूर्ण नाव, वय आणि गाव या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या. "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारलं तर गोंधळलेला माणूस "हो" म्हणून जातो, "पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं. इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर असेल तेच लिहा. विमा असेल तर एका अक्षराच्या फरकावरून कागद परत येतात.

भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. मागणी लेखी घ्या, पोच द्या, प्रत दिल्यावर सही घ्या. "डॉक्टरांना विचारून सांगतो" म्हणत आठवडा घालवणं हे तक्रारीला आमंत्रण आहे. पोलीस केसच्या फाईली वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत हलवू नका. दिलेल्या प्रत्येक मेडिकल सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये हवी.

क्षयरोगाचं निदान झालं की खासगी डॉक्टरनंही सरकारला कळवणं बंधनकारक आहे. ते निक्षय पोर्टलवर करतात. हेही कुणाच्या तरी नावावर टाका, नाहीतर राहून जातं.

आता गुप्ततेबद्दल. रिपोर्ट स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे आहे. ती बंद करा. ग्रुपमधून सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये ते रिपोर्ट तसेच राहतात. फोनवर विचारणाऱ्याला निदान सांगू नका, मग तो नवरा असो वा काका. रुग्णानं ज्याचं नाव लिहून दिलंय त्यालाच सांगा. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या फाईलवर किंवा खाटेवर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवणं २०१७ च्या कायद्यानं मना आहे, आणि त्याची गरजही नसते. हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते.

## ६. गल्ला: रोजच्या रोज, त्याच रात्री

महिनाअखेरीला हिशोब लावू म्हणणाऱ्यांचा हिशोब कधीच लागत नाही. क्रम असा ठेवा.

सकाळी गल्ल्यात ठरलेली चिल्लर, समजा २,००० रुपये, मोजून सही. दिवसभरात पावतीशिवाय एक रुपयाही नाही. घ्यायचा नाही, द्यायचाही नाही. रात्री रोजमेळ. समजा रोख जमा ११,४००, चहा-रिक्षा-स्टेशनरी ६५०, परत दिलेले ३००. गल्ल्यात १२,४५० रुपयेच हवेत. यूपीआयचे ९,८००, कार्डाचे ३,००० आणि बाकी ठेवलेले १,५०० रोख जमेत मिळवले की दिवसाच्या पावत्यांची बेरीज २५,७०० यायला हवी. दोन्ही आकडे जुळले तरच वही बंद.

फरक आला तर? तो जसा आहे तसा लिहा. स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये टाकून मेळ घालायला कुणालाही लावू नका. एकदा तसं झालं की खोटे आकडे लिहायची सवय लागते आणि खरी चोरी त्यामागे लपते. मोजणारी आणि तपासणारी व्यक्ती वेगळी हवी, एवढं बंधन पुरेसं आहे.

क्यूआर कोड हॉस्पिटलच्या खात्याचाच हवा, कुणाच्या वैयक्तिक नंबरचा नको. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत; साउंडबॉक्सवर आवाज आला किंवा खात्यात दिसलं, तरच पावती. एका रुग्णाच्या एका भरतीचे २ लाख किंवा त्याहून जास्त पैसे रोखीत घेता येत नाहीत. दोन दिवसांत तुकडे करून घेतले तरी तो नियम मोडतोच.

गरिबाला सूट द्यायची तर खुशाल द्या, पण बिल पूर्ण रकमेचं करून त्यात सूट वेगळी दाखवा आणि पहिल्या टप्प्यात ठरलेल्या माणसाची सही घ्या.

## ७. भरती, कॅशलेस, डिस्चार्ज

डिस्चार्जच्या दिवशीचं भांडण बहुधा भरतीच्या दिवशीच पेरलेलं असतं. त्या दिवशी अर्धा तास जास्त द्या.

भरती होताना. खर्चाचा अंदाज लेखी द्या, त्यात काय धरलंय आणि काय नाही ते लिहा. रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं बिल नातेवाइकांना दाखवा. आकडा रोज थोडा वाढताना दिसला तर माणूस तयारी करतो. शेवटच्या दिवशी एकदम कळला तर हबकतो.

विमा असेल तर पॉलिसी, आधार, जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलेला कागद लगेच मागा. कॅशलेस, म्हणजे बिल विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलला देणं, यासाठी कंपनीची पूर्वपरवानगी लागते. तिच्या अर्जात निदान, त्रास कधीपासून, आधीचे आजार, उपचार, दिवस आणि अंदाजे खर्च लिहायचा असतो. सगळ्यात जास्त अर्ज "त्रास कधीपासून" या एका ओळीवर अडकतात. केसपेपरवर "सहा महिने" आणि अर्जावर "आठ दिवस" असेल तर विमा कंपनी प्रश्न विचारणारच. अर्ज पाठवायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. विमा मिळावा म्हणून कालावधी बदलायला कुणी सांगितलं तर ठाम नकार द्या. सही डॉक्टरांची असते.

खोली निवडण्याआधी खोलीभाड्याची मर्यादा समजावून सांगा. समजा विमा ३ लाखांचा आणि मर्यादा रोजची एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. रुग्णानं ४,५०० ची खोली घेतली. नातेवाइकांना वाटतं, रोजचे दीड हजारच वर जातील. पण तुमच्याकडे खोलीनुसार दर बदलत असतील, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात: ६०,००० चे ४०,०००च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. हे कागदावर आकडे मांडून दाखवा आणि सही घ्या. तुमचं हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नसलं तरी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' या सोयीतून कॅशलेस मागता येतं: ठरवून भरती असेल तर ४८ तास आधी, अचानक असेल तर भरतीनंतर ४८ तासांत कळवून.

डिस्चार्ज. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात "आज घरी जा" आणि सिस्टर म्हणतात "डिस्चार्ज झाला". घरचे गाडी बोलावतात, आणि मग दुपारी तीनपर्यंत सगळे बाकावर. हे वाक्यच बदला: "डॉक्टरांनी घरी सोडायला सांगितलंय, कागद पूर्ण व्हायला दोन वाजतील, गाडी तेव्हाच बोलवा."

कागदांचा क्रम आदल्या संध्याकाळीच सुरू करा. उद्या कोण जाण्यासारखं आहे ते डॉक्टरांना विचारा, डिस्चार्ज समरीचा मसुदा तयार ठेवा, उरलेली औषधं दुकानात परत करा, बाहेरच्या लॅबची बिलं मागवा. सकाळी फक्त शेवटचा दिवस मिळवायचा. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पूर्वपरवानगी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. त्याहून उशीर झाल्यामुळे वाढलेलं बिल कंपनीनं सोसायचं आहे. पण घड्याळ तुमचे पूर्ण कागद पोचल्यावर सुरू होतं. कागद पाठवल्याची वेळ लिहून ठेवा.

तपासा: रुग्ण निघण्यापूर्वी औषधं कोणती, कधी आणि किती दिवस हे सिस्टरनं घरच्या एका माणसाकडून उलट म्हणवून घेतलं का? पुन्हा कधी यायचं त्याची तारीख आणि रात्री त्रास झाला तर कुठे फोन करायचा, हे समरीवर ठळक आहे का?

सावधान: बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट आहे. बाकीची वसुली लेखी कबुली घेऊन नंतर करा.

## ८. कचरा

२०१६ चे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात, चुका बादलीपाशी होतात. पिवळी पिशवी: रक्तानं भिजलेला कापूस, ड्रेसिंग, प्लास्टर, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधं. लाल: सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढरा, न फुटणारा डबा: सुया, ब्लेड. निळा: काचेच्या बाटल्या, अँप्युल. जेवणाचे डबे आणि कागद यात टाकायचे नाहीत. तुमच्याकडून वजनावर पैसे घेत असतील तर तो खर्चही वाढतो.

बादल्या खाटेपासून दूर ठेवल्या की सिस्टर हातातलं जवळच्या बादलीत टाकतात. म्हणून ड्रेसिंग ट्रॉलीलाच छोटा डबा अडकवा. पिशवीवर बारकोड, रोजचं वजन वहीत, ४८ तासांच्या आत उचल, नोंदी पाच वर्षं, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत.

मावशी-मामांसह सगळ्यांना हिपॅटायटिस-बीची लस द्या. नियमात ती आहे आणि बहुतेक ठिकाणी सफाईवाल्यांचीच राहते. सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, बोट पिळायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला लागतात. रागावतील म्हणून मावशी सुई टोचल्याचं लपवतात. हे सांगण्याबद्दल कुणालाही ओरडा बसणार नाही, असं डॉक्टरांनी स्वतः सगळ्यांसमोर एकदा म्हणायला हवं.

## ९. सॉफ्टवेअर

आता घ्या. वरचे टप्पे कागदावर नीट चालले असतील तर काय हवं ते तुम्हालाच विक्रेत्याला सांगता येईल. पावसाळी तापाच्या दिवसांत सुरुवात करू नका, रुग्ण कमी असलेला महिना निवडा. पहिले दोन आठवडे वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवा आणि रात्री ताळा करा. प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड. बॅकअप रोज, आणि महिन्यातून एकदा तो उघडतो का ते पाहा. सोडताना आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. वीज किंवा नेट गेलं तर वापरायला छापील केसपेपर आणि पावतीपुस्तक काउंटरच्या खणात कायम असू द्या.

## १०. तक्रार आणि संताप

तक्रारवही पहिल्या दिवसापासून ठेवायची, पण त्यापुढची तयारी शेवटी लिहिली आहे, कारण आधीचे टप्पे जमले की आरडाओरडा निम्म्याहून कमी होतो. जो उरतो तो बहुतेक दुःखाचा किंवा भीतीचा असतो, आणि त्याला सूचनाफलकांचा उपयोग नाही.

आवाज चढला की त्या माणसाला वेटिंगमधून आत बसवा, एकट्यालाच नव्हे, घरातल्या शांत वडीलधाऱ्यासोबत. पूर्ण ऐकून होईपर्यंत खुलासा करू नका. जे ऐकलं ते त्यांच्यासमोर लिहा आणि उत्तर कधी देणार ती वेळ सांगा. ती वेळ पाळा, उत्तर तयार नसलं तरी.

तब्येत बिघडत असेल तर ते डॉक्टरांनी स्वतः, रोज, एकाच ठरलेल्या नातेवाइकाला सांगायचं आणि फाईलमध्ये वेळेसह लिहायचं. मृत्यू झाला तर ती बातमी काउंटरवरून किंवा सिस्टरच्या तोंडून जाता कामा नये. डॉक्टरांनी बसून सांगायची. त्या वेळी बिलाचा कागद कुणीही पुढे करायचा नाही. गर्दी वाढतेय असं दिसलं तर वाट न पाहता ११२ ला फोन करा, बाकी रुग्णांच्या खोल्या बंद करा, स्टाफला एकटं उभं करू नका, केसपेपर सुरक्षित ठेवा आणि त्यात नंतर एक अक्षरही वाढवू नका. डॉक्टर, नर्स किंवा हॉस्पिटलवर हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याखाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. या कायद्याचा फलक दारात लावा, पण धमकी म्हणून तोंडानं उच्चारू नका.

दुसऱ्या दिवशी त्या पाळीतल्या सगळ्यांना बसवून कुणी काय पाहिलं, कुठे उशीर झाला ते विचारा आणि लिहा. जिच्या अंगावर लोक धावून आले, ती रिसेप्शनिस्ट त्या दिवशी काउंटरवर नको. तिला रेकॉर्डरूमचं काम द्या आणि संध्याकाळी घरी सोडायला माणूस पाठवा.